शेवटचा हात

आमच्या कारखान्यात एक नियम आहे, की ज्याने कोरलं त्याने साफ करायचं नाही. कारखाना म्हणायचं आपलं. दोन खोल्या, तीन बाक, किरकिरणारा एक पंखा आणि नाकातोंडात भुसा. कोरणाऱ्याची नजर स्वतःच्या कामाला सरावते, त्यातलं कुसळ त्याला दिसेनासं होतं, म्हणून शेवटचा हात दुसऱ्याचा. बाबांनी हे त्यांच्या मोठ्या मिस्त्रींकडून घेतलं आणि मी बाबांकडून. शेवटचा हात म्हणजे काय, तर खाचांतला भुसा ब्रशने काढायचा, उभं राहिलेलं कुसळ काचकागदाने बसवायचं, मग पॉलिश. बस. नियमाचा दुसरा भाग मात्र पहिल्याहून कडक. शेवटच्या हाताने रेघ बदलायची नाही. रेघ ज्याची त्याची.

मी दोन वर्षं तो नियम मोडत होते.

बाबा पान कोरतात. खुर्चीची पाठ असो, आरशाची चौकट असो नाहीतर जिन्याचा कठडा, त्यावर कुठेतरी त्यांचं ते वीतभर लांब, कडेला जरासं वळलेलं पान असायचंच. मधली शीर देठापासून टोकापर्यंत एका दमात. तिच्यातून निघालेल्या बावीस बारीक शिरा, प्रत्येक एकाच झोकात, पटाशी न उचलता. फर्निचरवाले गिऱ्हाइकाला खुर्ची फिरवून दाखवायचे आणि म्हणायचे, हे मिस्त्रींचं पान. आपल्याला सही करायची कधी गरज पडली नाही, हे बाबा दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचेच. कुणी नसलं तर मला.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा ते कपबशीने सांगितलं. बाबांनी दोष बशीला दिला. आईने नव्या बश्या आणल्या, त्याही वाजायला लागल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि हे वाढत जाणार असंही सांगितलं. बाबांनी त्यातलं गोळ्यांपुरतं ऐकलं. ‘हवेत थरथरतो,’ ते म्हणायचे. ‘पटाशी लाकडात गेली की थांबतो.’ पहिले चार-सहा महिने हे खरंही होतं. नंतर ते खरं राहिलं नाही, पण वाक्य राहिलं. येईल त्याला ते ऐकवायचे आणि पुरावा म्हणून नुकतंच पॉलिश झालेलं पान पुढे करायचे. त्या पुराव्यावरून माझी पटाशी फिरलेली असायची.

रोज एक वाजता ते घरी जेवायला जात, जरा पडत आणि चारला परत येत. ते तीन तास माझे. मी पान शिकंज्यात धरायची आणि एकेक शीर सरळ करायची. शीर देठापाशी नीट निघालेली असायची, पण मध्यावर पोहोचेपर्यंत तिला कुणीतरी मागून धक्के दिल्यासारखी ती हेलकावत जायची. मी ती थोडी रुंद करायची, थोडी खोल करायची, म्हणजे हेलकावे त्या रुंदीत बुडून जायचे. मग बाकीच्या एकवीस तिच्या जोडीला आणायच्या. मग कडा उतरवायची, कारण लाकूड गेलेलं असायचं. एका पानाला दोन दुपारी. शेवटी पॉलिश, म्हणजे कुणाला काही विचारायला जागाच नको. बाबांची एक जुनी खोड माझ्या पथ्यावर पडली होती. कच्च्या कामाकडे ते बघत नसत. कोरून झालं की चष्मा काढायचा, पान पालथं करून माझ्या बाकावर ठेवायचं आणि हात धुवायला जायचं. पुन्हा बघायचं ते पॉलिश झाल्यावरच.

आईला माहीत होतं. तिला मी सांगितलं नव्हतं, तिने माझ्या बोटांवरचे नवे घट्टे बघून ओळखलं. ती एवढंच म्हणाली, की कर, त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय. लोक याला प्रेम म्हणतील. मला ते धुण्याभांड्यासारखं वाटायचं. रोज करायचं आणि केलेलं कुणाच्या नजरेला येऊ द्यायचं नाही. मला राग यायचा, आणि तो नक्की कुणाचा यायचा हे मला आजही धड सांगता येणार नाही. पण बाबा ते सरळ झालेलं पान उजेडात धरायचे, त्यावर अंगठा फिरवायचे आणि ‘बघ, थांबतो की नाही,’ म्हणायचे, तेव्हा मी हो म्हणायची. त्या एका होकारावर आमचं घर चाललं होतं.

अशात तो आला. दर तिसऱ्या वाक्यात ‘संकल्पना’ म्हणायचा, म्हणून मी त्याचं नाव संकल्पना ठेवलं. आईला ते इतकं आवडलं की एकदा चहा देताना ती त्याला तोंडावरच तसं म्हणता म्हणता राहिली. वय तिशीचं, नखं स्वच्छ, बोलणं नम्र. गावाबाहेरच्या एका गोदामात त्याचं खोलीएवढं मशीन होतं. हाताने केलेली छोटी वस्तू घ्यायची, तिचं थ्रीडी स्कॅन करायचं, कॉम्प्युटरमध्ये ती हवी तेवढी वाढवायची आणि मग मशीनने ती लाकडात कोरून काढायची, हे त्याचं काम. चमच्यावरची नक्षी दरवाजाएवढी केलेली त्याने फोनवर दाखवली. आता त्याला बाबांचं पान हवं होतं. दोन पुरुष उंच. मोठ्या हॉलमध्ये, बाबांच्या नावासकट.

आता, मशीनवर कोरलेल्या दारांना बाबा बिस्किटं म्हणायचे. सगळी एका साच्यातली, खायलासुद्धा उपयोग नाही, वगैरे. त्यावर त्यांचं अर्ध्या तासाचं भाषण तयार होतं आणि ते आम्ही पाठ केलेलं होतं. त्या दिवशी त्यातला एक शब्द निघाला नाही. दोन पुरुष उंच म्हटल्यावर त्यांनी मान वर करून आमच्या छताकडे पाहिलं, जणू ते पान तिथे मावेल का याचा अंदाज घेत होते. एका चहात बाबा मशीनचे झाले.

मला त्यात धोका दिसला नाही. नवं पान कोरायचं, अक्रोडाच्या लाकडात. स्कॅन गुरुवारी. बाबांचं सोमवारी संध्याकाळी कोरून झालं, म्हणजे मंगळवार आणि बुधवार अशा दोन दुपारी माझ्या हातात होत्या. मंगळवारी सकाळी मी लाकडाच्या वखारीत गेले. बाराला परत आले तर माझा बाक रिकामा.

“त्याचा फोन आला होता,” बाबा म्हणाले. “चमकणाऱ्या वस्तूचं स्कॅन नीट येत नाही म्हणे. पॉलिश करूच नका, कच्चंच द्या म्हणाला. मग तुझ्यासाठी कशाला थांबायचं? देऊन आलो.”

पानाकडे त्यांनी तेव्हाही पाहिलं नव्हतं. पालथं होतं तसंच वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि रिक्षाने नेऊन दिलं. गोदामाबाहेर फाटकापाशी दिलं आणि आले. खूश होते.

त्याच दुपारी मी गोदामात गेले. पान एका फिरत्या तबकडीवर ठेवलेलं होतं आणि स्कॅन होऊन गेलेलं होतं. पडद्यावर तेच पान करड्या रंगात, भल्यामोठ्या आकारात हळूहळू फिरत होतं. लाकडाचा रंग नाही, रेषा नाहीत, झाकायला काहीच नाही. बावीसच्या बावीस शिरा हेलकावत होत्या. बाबांचा हात जिथे जिथे घसरला, सावरला, पुन्हा घसरला, ते सगळं तिथे होतं. मी दोन वर्षं जे कुणाला दिसू दिलं नाही ते एका अनोळखी माणसाच्या पडद्यावर गोल फिरत होतं, आणि तो माणूस हरखून गेला होता. हे खोटं करता येत नाही, तो म्हणाला. कॉम्प्युटरकडून रेघा वाकड्या करवून घ्यायचा त्याने खूप प्रयत्न केला होता, त्या मेल्यासारख्या दिसायच्या.

मी विचारलं, हे सरळ करता येईल का. तो म्हणाला, त्यात काय, आणि पडद्याच्या कडेची एक खुंटी माउसने जराशी सरकवली. हेलकावे निवळले. अजून सरकवली. शिरा ताठ झाल्या, अगदी मी करते तशा. मग त्याने खुंटी मागे नेली आणि हेलकावे परत आले. दोन दुपारींचं काम, एक श्वास घ्यायच्या आत, आणि वर परत उलटंही करता येतं. माझ्या बोटांवरचे घट्टे मला त्या क्षणी हास्यास्पद वाटले.

मग मी चूक केली. मला वाटलं, खरं सांगितलं तर याला दया येईल. मी सगळं सांगितलं. आजार, ते वाक्य, एक ते चार, शेवटचा हात. बाबांना यातलं काही माहीत नाही आणि कळता कामा नये, हेही सांगितलं. त्याचे डोळे खरोखर भरून आले. त्याने माझ्यासाठी पाणी आणलं, मी विचार करतो म्हणाला, आणि मला दारापर्यंत सोडायला आला. मी मूर्खासारखी निर्धास्त होऊन घरी आले. त्याने विचार केला, यात शंका नाही.

अडीच महिन्यांनी प्रदर्शन उघडलं. त्या मधल्या काळात मी त्याला चारदा फोन केला, त्याने चारदा काळजी करू नका म्हटलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आईने त्यांची कॉलर तीनदा नीट केली. हॉल पांढराशुभ्र, वर दिवे, आणि मधोमध ते पान देठावर उभं. खोटं कशाला बोलू, ते सुंदर होतं. ते मी कधी माफ करणार नाही. मी ज्या हेलकाव्यांना दोन वर्षं शत्रू समजले ते तिथे हाताच्या पंजाएवढे रुंद झाले होते, त्यांच्यावरून उजेड घरंगळत होता, आणि लोक पुढे होऊन त्यात हात घालत होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

बाबा पानाच्या अगदी जवळ गेले. मान वर करत करत टोकापर्यंत पाहिलं. मग त्यांनी चष्मा लावला, मधल्या शिरेत हात घातला आणि पोहोचेल तिथपर्यंत तो हात शिरेवरून वर नेला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पलीकडे मशीन चालवणारा मुलगा कौतुक करून घ्यायला उभा होता, त्याला त्यांनी बोटाने बोलावलं.

“तुमच्या मशीनचा हात थरथरतोय,” ते हळू आवाजात म्हणाले. चारचौघांत त्याची लाज जाऊ नये म्हणून हळू.

तो मुलगा भला होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला तांत्रिक शंका आहे. “नाही काका,” तो म्हणाला. “मशीन पदरचं काही घालत नाही. दिलं तसंच कोरतं. केसाएवढा फरक निघायचा नाही, मी स्वतः मोजलंय.”

बाबा बरं म्हणाले. त्याच्या खांद्यावर थोपटलंही. मग ते भिंतीवर लावलेल्या पाटीकडे गेले. वर बाबांचं नाव, त्याखाली पानाचं नाव, ‘कंप’. त्याखाली बारीक अक्षरात एकच ओळ होती. दोन वर्षं थरथरणाऱ्या हाताने कोरलेलं, आणि कुणीही न सुधारलेलं.

बाबांनी ते ओठ हलवत दोनदा वाचलं. मग ते माझ्याकडे वळले.

“न सुधारलेलं म्हणजे?” त्यांनी विचारलं.

आई मध्ये पडली, म्हणाली, चला, बसू या कुठेतरी. बाबा बसले नाहीत. संकल्पना आला, त्यांच्या पाया पडला, फोटो काढले गेले. त्या फोटोत बाबांनी उजवा हात पाठीमागे धरला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात पोहोचले तेव्हा ते आधीच आलेले होते. बाकावर आरशाची चौकट ठेवली होती. आईच्या साठीला त्यांनी ती गेल्या वर्षी केली होती, चार कोपऱ्यांना चार पानं. भिंतीवरून काढून, आरसा सोडवून ते ती घेऊन आले होते. खिडकी सताड उघडी होती आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. मला त्यांनी बस म्हटलं नाही.

अंगठा एका शिरेवर ठेवून ते म्हणाले, “इथे तू.” अंगठा पुढे सरकला. “इथेही तू. ही तू. ही पण तू.”

मी डावखुरी आहे. माझी पटाशी टोकाकडून देठाकडे येते, त्यांची देठाकडून टोकाकडे जाते. ज्याला कळतं त्याला कापाच्या तळाशी ते दिसतं, आणि त्यांच्याइतकं कळणारा दुसरा कुणी मला माहीत नाही. दोन वर्षं सगळी पानं त्यांच्या हातात येत होती. मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, तुम्हाला केव्हाच कळायला हवं होतं.

“बघितलं असतं तर कळलं असतं,” ते म्हणाले. “मी बघितलं नाही.”

चारही पानं झाली. चौकट त्यांनी बाजूला ठेवली. मग पोचवायच्या राहिलेल्या दोन खुर्च्यांच्या पाठी घेतल्या, त्यांच्यावरून अंगठा फिरवला. त्यांचा हात तेव्हा हवेत नव्हता, लाकडावर टेकलेला होता, आणि तरी थरथरत होता. ते त्याच्याकडे बघत होते. मला वाटतं, त्यांनी तो त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

“रेघ बदलायची नाही, हे तुला कुणी शिकवलं होतं?”

“तुम्ही.”

“मग?”

मी म्हटलं, “बाबा, लोक हसले असते.”

“काल हसलं कुणी?”

काल बायका डोळे पुसत होत्या. मी खिडकीबाहेर पाहिलं, समोरच्या दुकानाचं शटर वर जात होतं, आणि मला एकदम रडूही आलं आणि संतापही. दोन वर्षं माझ्या दुपारी गेल्या, माझी कंबर गेली, आणि त्यांना म्हणायचं होतं ते हे. बाबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मीही भांडले असते, आणि मग कदाचित काहीतरी मोकळं झालं असतं.

“दोन वर्षांत माझं असं तू काही ठेवलंच नाहीस,” ते म्हणाले. “त्या मशीनने एक पान ठेवलं.”

त्यानंतर त्यांनी पटाश्या पुसल्या, तेल लावलं, कापडात गुंडाळल्या. कारखान्यात ते येतात अजून. बसतात, धार लावून देतात, गिऱ्हाइकांशी बोलतात. फक्त कोरत नाहीत. पटाशी लाकडात गेली की थांबतो, हे वाक्यही आता म्हणत नाहीत. मी ज्यासाठी सगळं केलं होतं ते नेमकं तेवढंच गेलं.

पंधरवड्यापूर्वी संकल्पना मूळ पान परत द्यायला आला. कापसात गुंडाळून, खोक्यात घालून. मोठं पान कुठल्याशा हॉटेलच्या दर्शनी भागात उभं राहणार होतं, आणि त्यांना जोडीला आणखी एक हवं होतं. मी त्याच्याशी बोलले नाही. त्या पाटीबद्दल त्याने माझी माफी मागितली, ती मनापासून असेलही, पण त्याचा मला काही उपयोग नव्हता. बाबांनी खोकं उघडलं आणि पान सुलटं करून खिडकीत उभं केलं. कच्चंच, भुशासकट. मला म्हणाले, याला हात लावायचा नाही. मग त्याला म्हणाले, माझ्याने आता होत नाही, पटाशी धरवत नाही.

तो जरा घुटमळला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, तुम्ही कराल का? त्यांच्या हाताची ओळख तुमच्याइतकी कुणालाच नाही.”

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. “तिला नाही जमायचं.” त्यात राग नव्हता, माणूस लाकडाचा दोष सांगतो तसं ते म्हणाले. “तिला थरथरती रेघ दिसली की ती सरळ करते.”

आईने चहा आणला. बाबांच्या हातात बशी वाजत होती. पूर्वी ती वाजायला लागली की आई किंवा मी काहीतरी बोलायला सुरुवात करायचो. या वेळी कुणी काही बोललं नाही आणि ती वाजत राहिली.

तो गेला. एक वाजता बाबा जेवायला गेले. मी अक्रोडाचा एक तुकडा शिकंज्यात धरला आणि समोर खिडकीतलं पान होतं त्याची मधली शीर बघून कोरायला घेतली. पटाशी मुद्दाम उजव्या हातात घेतली, देठाकडून सुरुवात केली. जिथे त्यांचा हात घसरला होता तिथे मीही मनगट हलवलं. चार वाजेपर्यंत बसले. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावर आला तेव्हा मी तुकडा उजेडात धरून पाहिला. रेघ सरळ होती.